कुणाचा तरी पट्टा ढिला आहे

गुंड्याला शिंक आली आणि बेत बदलला.

गुंड्या माझा पुतण्या. चाळिशी उलटली, परदेशात बंदरावर चांगल्या हुद्द्यावर आहे, हाताखालची माणसं त्याला साहेब म्हणतात. आमच्या घरात मात्र तो अजून गुंड्याच. आईला एकदा समुद्राखाली न्यायचं हे त्याच्या मनात बरेच दिवस होतं. त्याने स्वतःचं आणि आईचं नाव नोंदवलं होतं. मी नावेत बसून टॉवेल आणि चष्मे सांभाळायचे, असं ठरलं होतं. पण ऐन सकाळी तो पाठोपाठ शिंकला, आणि डायव्हिंग शिकवणारी बाई हातातलं काम टाकून त्याच्यापुढे येऊन उभी राहिली.

आम्ही होतो ती खोली धक्क्याला लागूनच होती, लांबट आणि ओलसर. एका भिंतीला दांडीवर रबराचे काळे पोशाख टांगलेले होते आणि त्यांच्या पायांतून सिमेंटच्या फरशीवर पाणी ठिबकत होतं. समोरच्या भिंतीला हवेची सिलिंडरं ओळीने उभी होती. मागच्या बाजूला हवा भरायचं यंत्र धडधडत होतं. शिकवणारी बाई तिशीची असेल, नाकाचा शेंडा उन्हाने सोललेला, केस दोरीच्या तुकड्याने बांधलेले. माझ्या मोठ्या जाऊबाईंनी, म्हणजे गुंड्याच्या आईने, तिला पाहिल्या पाहिल्या मास्तरीणबाई म्हणायला सुरुवात केली, आणि मग तेच नाव पडलं. त्यांचं-आमचं बोलणं इंग्रजीत, त्यांचंही मोडकं आणि आमचंही. जाऊबाईंसाठी गुंड्या मराठीत सांगायचा. इथे मी सगळं मराठीतच लिहिते.

"नाक दाबून धर आणि कानात हवा भरल्यासारखं कर," मास्तरीणबाई गुंड्याला म्हणाल्या.

त्याने केलं. चेहरा वेडावाकडा झाला.

"कान मोकळे होत नाहीयेत. तू आज खाली जाणार नाहीस."

"थोडीशी सर्दी आहे हो."

"थोडीशी सर्दी वर थोडीशी असते. खाली पडदा फाटतो."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. नाक बंद असलं की पडद्याच्या आत आणि बाहेर सारखा दाब करता येत नाही. मी मान हलवली. गुंड्याने ते पाहिलं आणि माझ्याकडे वळला. "काकू, मग माझ्याऐवजी तू जा."

हे अगदीच अचानक नव्हतं. आम्ही आल्या आल्या त्याने आईला डॉक्टरकडे तपासायला नेलं तेव्हा मलाही बरोबर घेतलं होतं. मला कशाला, विचारलं तर म्हणाला होता, "असू दे, काकू. बदली खेळाडू."

जाऊबाई दांडीवरच्या एका पोशाखाकडे बघत म्हणाल्या, "ज्यांना पोहता येत नाही त्यांनी काठावर बसलेलं बरं असतं."

"आई, पोहता यावं लागत नाही. मास्तरीणबाई धरून नेतात."

"मी कुणाला काही म्हटलं नाही."

मी छतावरच्या पंख्याकडे पाहिलं. "एवढ्या लांब येऊन टॉवेलांवर बसून राहण्यापेक्षा एकदा खाली जाऊन पाहिलेलं काय वाईट?"

मास्तरीणबाईंनी आधी पोशाखाकडे पाहिलं, मग पंख्याकडे.

त्यांना सांगणं कठीण होतं, वाचणाऱ्यांना सांगते. जाऊबाईंचा, म्हणजे मी ज्यांना वहिनी म्हणते त्यांचा, आणि माझा अबोला होता. मी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी केली. एकदा सहज म्हणून घरच्या टाकीतल्या पाण्याचा नमुना नेला, आणि त्यात नको ते जंतू निघाले. संध्याकाळी घरी पोचले तेव्हा पाहुणे जेवायला बसले होते आणि वहिनी तांब्यातून पेल्यांत पाणी ओतत होत्या. मी दारातूनच म्हटलं, "ते पाणी कुणी पिऊ नका." आमच्या घरात स्वयंपाकघर वहिनींचं. एवढ्या माणसांसमोर मी त्यांच्या हातच्या पाण्याला नावं ठेवली, असं ते त्यांना लागलं. टाकी धुतली, पाणी सुधारलं, आणि वहिनी माझ्याशी बोलायच्या थांबल्या. माझं म्हणणं खरं होतं आणि त्यांचं दुखणंही खरं होतं. एकाच नमुन्यात दोन गोष्टी सापडतात कधी कधी.

त्याला नऊ वर्षं झाली.

अबोल्यातही घर चालवावं लागतंच. गॅस संपतो, दूध उतू जातं, रात्री दाराला कडी लावायची राहते. आधी मध्ये माणसं होती. "तिला सांग", "त्यांना विचार" असं चालायचं. मग आमचे दोघींचे यजमान एकामागून एक गेले, मुलं बाहेर पडली, आणि घरात आम्ही दोघीच उरलो. निरोप न्यायला कुणी राहिलं नाही. तेव्हापासून वहिनी घड्याळाशी बोलू लागल्या आणि मी फ्रिजशी. "कुणीतरी पाण्याची मोटर बंद करायला हवी," त्या घड्याळाला सांगायच्या, आणि मी उठून बंद करायचे. भिंतींना कान असतात म्हणतात. आमच्या भिंतींना ते ठेवावेच लागले. एकमेकींचं नाव तोंडात नव्हतं, पण एकमेकींच्या गोळ्यांच्या वेळा पाठ होत्या.

मी आधी का बोलले नाही, असं कुणीही विचारेल. बोलले होते. माझे यजमान गेले त्या वर्षी एका सकाळी चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, "वहिनी, घ्या." त्यांनी चहा घेतला आणि घड्याळाला सांगितलं, "साखर बेताची आहे." मोठीने धरलेला अबोला मोठीनेच सोडायचा असतो. धाकटीने ओढला तर गाठ आणखी घट्ट बसते.

आता वहिनी कायमच्या गुंड्याकडे राहणार होत्या. मी त्यांना पोचवायला आले होते आणि शुक्रवारच्या विमानाने एकटी परत जाणार होते, त्या रिकाम्या घरात. त्याआधी त्यांनी एकदा, निदान एक वाक्य, माझ्याकडे बघून बोलावं एवढंच मला हवं होतं. काहीही चाललं असतं. घड्याळाला सांगतात तेच सांगितलं असतं तरी.

आणि वहिनींना हवं होतं समुद्राखाली जायला. मुलाच्या हौसेखातर त्या निघाल्या नव्हत्या. आदल्या दिवशी मी शेजारच्या खोलीत कपडे घड्या करत असताना त्या गुंड्याला म्हणत होत्या, "आता मला इथंच राहायचंय. तुम्ही नवरा-बायको दर सुट्टीला पाण्यात, आणि मी काय काठावर पिशव्या राखत बसू? ते मला जमायचं नाही."

पण एकटीला कुणी खाली नेत नव्हतं. तिथला नियम जोडीचा होता. वहिनींना जोडीदार हवा होता, आणि शिल्लक मी होते.

"ठीक आहे," वहिनी पोशाखाला म्हणाल्या. "यायचं त्यांनी यावं."

सकाळचे दोन-तीन तास धक्क्याच्या आतल्या उथळ पाण्यात सराव झाला. पाणी छातीपर्यंत, खाली वाळू. तोंडात रबराचा तुकडा धरून श्वास घ्यायचा, मास्कमध्ये पाणी शिरलं तर नाकाने फुंकून काढायचं, कान दुखले तर नाक दाबून दाब सारखा करायचा. वहिनी पाण्यात शिरल्या त्या स्वयंपाकघरात शिराव्यात तशा. लहानपणी त्यांच्या मामांनी कमरेला दोर बांधून त्यांना विहिरीत ढकललं होतं, तेव्हापासून पाण्याचं त्यांना काही वाटत नाही. पाठीवर सिलिंडर चढवताना गुंड्याला म्हणाल्या, "गॅसची सिलिंडरं सरकवण्यात जन्म गेला. ही निदान पाठीवर तरी बसतात."

माझं उलटं होतं. दहा मीटर खाली दाब दुप्पट होतो, हवा निम्म्या जागेत मावते, वर येताना तीच हवा पुन्हा फुगते, म्हणून वर येताना श्वास कोंडून धरायचा नाही. हे सगळं मला तोंडपाठ होतं. आदल्या रात्रीही मी झोपताना पंख्याला ते नीट समजावून सांगितलं होतं, पलीकडच्या पलंगावर वहिनी होत्या म्हणून. पण तोंडात रबराचा तुकडा गेल्यावर तोंडपाठ काहीच उरलं नाही. पहिल्या खेपेला मी घाबरून उभी राहिले आणि सगळं पाणी नाकात गेलं.

मग खुणा शिकवल्या. अंगठा आणि तर्जनीचं कडं म्हणजे ठीक आहे. आडवा पंजा हलवला म्हणजे काहीतरी बिघडलंय. अंगठा वर म्हणजे वर जायचंय. या मात्र आम्हाला लगेच जमल्या. वहिनींनी भुवई उचलली की मी कान दाखवत होते, मी मान तिरकी केली की त्या मास्क सारखा करत होत्या. मास्तरीणबाई पाण्याबाहेर डोकं काढून गुंड्याला म्हणाल्या, "लोक तोंडात रबर असतानाही बोलायला बघतात. या दोघी तसं करतच नाहीत. किती वर्षांचा सराव आहे यांचा?"

"नऊ," गुंड्या म्हणाला आणि रुमालात शिंकला.

दुपारी नाव निघाली. लहानशी मोटारची नाव, दोन्ही बाजूंना फळ्यांचे बाक, मागे नाववाला आमच्याकडे पाठ करून बसलेला. समुद्र शांत होता. खडकांच्या एका रांगेच्या आडोशाला नाव थांबली, नांगर टाकला. मास्तरीणबाईंनी आमची हवा भरता येणारी जॅकेटं, नळ्या, कमरेचे शिशाचे पट्टे एकेक करून स्वतः तपासले. रबराचा पोशाख माणसाला वर ढकलतो, म्हणून कमरेला शिसं बांधतात. मग त्या म्हणाल्या, "आता तुम्ही एकमेकींचं तपासायचं. हात लावून बघायचं, तोंडाने विचारायचं, दुसरीने तोंडाने उत्तर द्यायचं. हवा चालू आहे का? पट्टा घट्ट आहे का? हे झाल्याशिवाय मी कुणालाही पाण्यात उतरवत नाही."

गुंड्याने आईला सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "मास्तरीणबाईंना म्हणावं, त्यांनी तपासलंय ते पुरे आहे."

"पुरत नाही म्हणतात."

"मग तू विचार त्यांना, पट्टा घट्ट आहे का."

"मी नाही, आई. तू विचारायचंस. काकूला."

वहिनी खडकांकडे बघत राहिल्या. मी हातातल्या मास्ककडे. मास्तरीणबाईंनी गुंड्याला विचारलं, "काय झालं?"

त्याने बराच वेळ समजावलं. हात हलवले, डोकं खाजवलं. अबोला या शब्दाला त्याला शब्द सापडेना.

"म्हणजे हिला ऐकू येत नाही?" मास्तरीणबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"येतं की."

"मग?"

"ऐकू येतं, म्हणूनच."

मास्तरीणबाईंनी दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. त्यांचा चेहरा गंभीर झाला. "हे बघ, वर ज्या दोघी बोलत नाहीत त्यांना मी खाली नेत नाही. जोडीदार हाच पाण्याखालचा दुसरा श्वास असतो. परत जाऊ या."

नाववाल्याने नांगराच्या दोराला हात घातला. समुद्र हुकला याचं मला फार नव्हतं, पण एवढ्या जवळ येऊनही त्या बोलल्या नाहीत, आणि आता बोलायला दुसरं काही निमित्त उरणार नव्हतं.

"थांबा म्हणावं," वहिनी म्हणाल्या.

त्या उठल्या, माझ्या मागे आल्या, आणि माझ्या पाठीवरच्या सिलिंडरची तोटी हाताने चाचपली. मग त्याच सिलिंडरला, स्पष्ट आणि ठणठणीत आवाजात म्हणाल्या, "हवा चालू असावी असं दिसतंय."

मी समोरच्या फळीला सांगितलं, "चालू आहे."

"पट्टा बसलाय वाटतं."

"बसलाय."

मी उठून त्यांचं तपासलं आणि त्यांच्या नळीशी तेवढंच बोलले. मास्तरीणबाईंना मराठी येत नव्हती. त्यांनी प्रश्न ऐकला, उत्तर ऐकलं, हात लावलेला पाहिला, आणि समाधानाने मान हलवली. गुंड्याने रुमाल तोंडावर धरला होता. सर्दीसाठी की हसू लपवायला, कळलं नाही.

मास्तरीणबाई आधी पाण्यात उतरल्या. मी बाकावर सरकत नावेच्या कडेला आले. तेव्हाच कधीतरी पट्ट्याची कडी फळीला घासून अर्धी उघडली असावी. मला कळलं नाही. वहिनींना दिसलं. त्या दूर समुद्राकडे बघत म्हणाल्या, "कुणाचा तरी पट्टा ढिला आहे."

मी ऐकलं. नऊ वर्षांच्या सवयीने मी अशा वाक्यावर उठून मोटर बंद करत आले होते, कडी लावत आले होते. पण मोटर एक असते आणि दार एक असतं. इथं पट्टे दोन होते. मला वाटलं, त्या स्वतःच्याच पट्ट्याचं बोलतायत, आताच आवळतील. गुंड्या नावेच्या दुसऱ्या टोकाला नाक शिंकरत होता. मी मास्क धरला आणि मागच्या मागे पाण्यात गेले.

नांगराचा दोर धरून आम्ही खाली उतरलो. सहा मीटर असेल. प्रत्येक हाताला थांबायचं, नाक दाबायचं, कान मोकळे करायचे. मोठ्याने ऐकू येत होता तो फक्त माझाच श्वास, घेताना कोरडा, सोडताना बुडबुड्यांचा. त्यामागे एक बारीक कडकड सतत चालली होती, तव्यावर मोहरी तडतडावी तशी. खडकांतले लहान जीव ती करतात असं मी वाचलं होतं. मास्तरीणबाईंचा लाल मास्क खाली जाता जाता मळकट तपकिरी दिसू लागला. पाणी लाल रंग आधी गिळतं. हेही वाचलेलं होतं, पण दिसताना ते वेगळंच वाटलं, कुणीतरी आपल्यादेखत भिंतीला हात मारून रंग बदलल्यासारखं.

खाली पांढरी वाळू होती आणि तिच्या कडेला खडक. खडकांवर पंख्यासारखी, शिंगांसारखी पोवळी वाढली होती. निळ्या माशांचा एक थवा आमच्यामधून असा गेला की जणू आम्ही नव्हतोच. एक मोठा हिरवा मासा चोचीसारख्या तोंडाने खडक कुरतडत होता, आणि ते कुरतडणं ऐकू येत होतं. वहिनींनी दोर एका हाताने धरला होता, दुसऱ्या हाताने त्या ते सगळं दाखवत होत्या. कुणाला, ते ठरलेलं नव्हतं. पण तिथे भिंत नव्हती, घड्याळ नव्हतं, आणि त्यांचं बोट हलायचं त्या दिशेला बघणारी मीच होते.

मास्तरीणबाई दोन-तीन हात पुढे, खडकाच्या फटीत काहीतरी शोधत होत्या. वाळूत एक शंख सरकत होता, तो बघायला मी वाकले, आणि कमरेभोवतीचं काहीतरी सुटून मांड्यांवरून घसरलं. पट्टा वाळूत पडला. धुळीचा लहानसा ढग उठला.

पायाखालची जमीन सरकते म्हणतात. इथे जमीन जागेवरच होती, मी सरकले. चार किलो शिसं गेल्यावर काय होणार हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. पाय वर, डोकं खाली, अशी मी उचलली जाऊ लागले. आणि जे करायचं नाही म्हणून मी पंख्याला सांगितलं होतं, नेमकं तेच केलं. श्वास कोंडून धरला.

घोट्याला पकड बसली. वहिनी एका हाताने दोराला होत्या आणि दुसऱ्या हाताने माझा पाय धरून मला खाली खेचत होत्या. घोटा, मग गुडघा, मग जॅकेटचा बंद, असं हाताहाताने ओढत त्यांनी माझा चेहरा आपल्या चेहऱ्यासमोर आणला. पाण्यात मास्कच्या काचेतून सगळं एक-तृतीयांश मोठं दिसतं. वहिनींचे डोळे मला इतके मोठे आणि इतक्या जवळून कधी दिसले नव्हते. ते सरळ माझ्याकडे बघत होते, आणि चिडलेले होते.

गुडघ्याने दोराला विळखा घालून त्यांनी एक हात सोडवला आणि पंजा पालथा करून हळूहळू खाली नेला. ही खूण मास्तरीणबाईंनी शिकवलेली नव्हती. दूध वर येऊ लागलं की आच कमी करा, म्हणून वहिनी स्वयंपाकघरात अशी खूण करायच्या, कपाटाकडे बघून. मी श्वास सोडला. बुडबुडे आमच्या दोघींच्या मधून वर गेले. त्यांनी पुन्हा पंजा खाली नेला. मी पुन्हा सोडला.

तोवर मास्तरीणबाई पोचल्या होत्या. त्यांनी माझ्या जॅकेटमधली हवा काढली, वाळूतून पट्टा उचलला, माझ्या कमरेला बांधला, कडी दोनदा ओढून पाहिली. सगळं शांतपणे, जणू रोजचंच. मग त्यांनी माझ्यापुढे बोटांचं कडं धरलं. ठीक आहे का? आणि अंगठा वर केला. की वर जायचंय?

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. त्या मध्ये पडल्या नाहीत. मी दोन-तीन श्वास घेऊन पाहिले आणि मग कडं दाखवलं. ठीक होतं.

त्यानंतर आम्ही खडकाच्या कडेने बराच वेळ फिरलो. मी फारसं काही पाहिलं नाही, खरं सांगायचं तर. वहिनींनी माझं मनगट धरलं होतं आणि ते त्या सोडत नव्हत्या, याकडेच माझं लक्ष होतं.

वर आल्यावर नाववाल्याने आणि गुंड्याने आम्हाला एकेक करून ओढून घेतलं. वहिनी बाकावर बसल्या, मास्क कपाळावर सरकवला, तोंडातलं खारं पाणी थुंकल्या, आणि म्हणाल्या, "सांगितलं होतं ना तुला, पट्टा ढिला आहे म्हणून?"

गुंड्याचा रुमाल हवेतच राहिला. मला मात्र आधी रागच आला.

"मला कुठं सांगितलंत? समुद्राला सांगितलंत."

"समुद्र पट्टा बांधतो का?"

"मला वाटलं, तुमचाच पट्टा ढिला झालाय."

"माझा ढिला असता तर मी बांधला असता. जगाला सांगत कशाला बसले असते?"

"नऊ वर्षं जगालाच तर सांगताय, वहिनी."

"आणि तू? एवढी शिकलीस आणि छातीत हवा कोंडून धरलीस. रात्री तूच सांगत होतीस ना, वर येताना श्वास धरायचा नाही?"

"मी पंख्याला सांगत होते."

"पंख्याला काय करायचाय श्वास?"

मास्तरीणबाई नावेच्या कडेला टेकून आमच्याकडे बघत होत्या. त्यांनी गुंड्याला हळूच विचारलं, "काय चाललंय यांचं?"

"सामानाची तपासणी."

"आता? वर आल्यावर?"

"आमच्याकडे जरा उशिरा करतात," गुंड्या म्हणाला आणि पाठ फिरवून नाववाल्याशेजारी जाऊन बसला.

नाव सुरू झाली. वहिनी अजून बोलतच होत्या. पट्टा घालताना मी पोट आत ओढलं असणार, फोटोत बरी दिसावी म्हणून. मी म्हटलं, फोटो काढणारा तर वर शिंकत बसला होता, खाली कोण काढणार होतं. त्या म्हणाल्या, शंख काय घरी नाहीत, एवढं वाकायचं काय होतं. मी म्हटलं, घरात एकही शंख नाही. त्या म्हणाल्या, देवघरात आहे. मी म्हटलं, तो वाजवायचा असतो, सरकत नाही. मग त्यांना बहुधा दम लागला. त्या गप्प झाल्या.

त्या गप्प झाल्यावर मला भीती वाटली. रागाच्या भरात माणूस काहीही बोलून जातो. धक्क्यावर पोचेपर्यंत राग निवणार, आणि मग पुन्हा पंखा आणि घड्याळ. नावेच्या मागे पाण्याची पांढरी रेघ पडत होती, ती बघत बसले. वारा अंगाला लागत होता आणि माझे दात वाजत होते.

"थंडी वाजतेय का तुला?"

मी मान वळवली. त्या माझ्याकडेच बघत होत्या. राग नव्हता. विचारत होत्या.

"वाजतेय."

"मग बोलत का नाहीस?"

याला पुष्कळ उत्तरं होती. "आता बोलले," मी म्हटलं.

त्यांनी पायाशी पडलेला टॉवेल उचलून माझ्या खांद्यांवर टाकला आणि टोकं गळ्याशी ओढून घेतली, जरा जोरातच. मग पुन्हा समोर बघत बसल्या. पण बोलणं मात्र माझ्याशीच चालू होतं, हे आता विचारायला नको होतं.

"शुक्रवारी पोचलीस की फोन कर."

"करीन. गुंड्याला कळवते."

"त्याला कशाला? मला कर."

"काय बोलू फोनवर?"

वहिनींनी थोडा विचार केला. "रोज सुचेलच असं नाही. नाही सुचलं तर भांड."

"एवढ्या लांबून?"

"लांबून बरं असतं. कंटाळा आला की ठेवून देता येतो."

नाव धक्क्याला टेकली. गुंड्या दोर पकडायला पुढे गेला. वहिनी उठल्या, आणि उठताना आधाराला त्यांनी माझा खांदा धरला.